अंजनवेलचा दीप आणि सुरांत लावलेला प्रकाश

दाभोळच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, वासिष्ठी नदी जेथें समुद्रास मिळते तेथें, रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यांत अंजनवेल हें गांव वसलेलें आहे. गांवाच्या माथ्यावर गोपाळगडाचे तट, त्यापलीकडे कड्यावर टाळकेश्वराचें देऊळ, आणि देवळाच्या जवळच दीपगृह. सायंकाळीं खाडींतल्या होड्या किनाऱ्यास लागतात, देवळांत सांजवात होते, आणि थोड्याच वेळानें दीपगृहाचा झोत समुद्रावर फिरूं लागतो. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसास या झोताचें कौतुक वाटतें तें त्याच्या तेजाबद्दल. परंतु दूर समुद्रांत सुकाणूजवळ जो उभा असतो त्याचें केवळ तेज पाहून भागत नाहीं. तो घड्याळ हातांत धरून दोन झोतांमधील सेकंद मोजतो. कारण प्रत्येक दीपगृहाचा झोत किती वेळानें फिरून यावा हें ठरलेलें असून तें नाविकांच्या पुस्तकांत छापलेलें असतें. तेवढ्या मोजणीवरून तो निःशंकपणें सांगतो कीं, हा टाळकेश्वराचाच दीप, दुसरा नव्हे.

प्रकाशाच्या साह्यानें निरोप धाडण्याचा जो दीर्घ इतिहास आहे, त्याचें सार आम्हांस या मोजणींत दिसतें. दिवा लावणें मनुष्यास फार पूर्वींच साधलें. पण एक दिवा दुसऱ्यापासून वेगळा कसा ओळखावा, आणि त्या ओळखीवर किती अर्थ लादावा, हें साधावयास शतकें लागलीं. या प्रश्नाचें आजचें एक उत्तर म्हणजे ज्याचा रंग पाहिजे तसा जुळवून घेतां येतो असा लेसर-दीप. त्यास 'ट्यूनेबल लेसर' म्हणतात. तंबोरा गवयाच्या पट्टींत लावून घ्यावा तसा हा दीप हव्या त्या रंगांत लावून घेतां येतो, म्हणून आम्ही त्यास या लेखापुरता 'जुळता लेसर' म्हणूं. आजचा वाचक रोज त्याच्याकडून चाकरी घेतो, परंतु त्याला डोळ्यांनीं पाहिलेला मनुष्य विरळा. त्याची कुळकथा सांगणें, आणि ती सांगतांना आपल्या देशाचा तींत वाटा किती व उणीव कोणती हें तपासणें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गोपाळगडापासून आरंभ करूं. दाभोळ हें बहामनी आणि आदिलशाही काळांत पश्चिम किनाऱ्यावरील मोठें बंदर होतें, इ. स. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आरमारानें त्याची राखरांगोळी केली. खाडीच्या तोंडावरचा अंजनवेलचा किल्ला आदिलशाहींतून शिवाजी महाराजांकडे आला, पुढें जंजिऱ्याच्या सिद्दीनें घेतला, अठराव्या शतकाच्या पांचव्या दशकांत तुळाजी आंग्र्यांनीं तो जिंकून त्यास गोपाळगड हें नांव दिलें, मग तो पेशव्यांकडे गेला आणि १८१८ मध्यें इंग्रजांच्या हातीं पडला. इतक्या हातांतून गेलेल्या जागेवरील पहारेकऱ्याची अडचण वाचकांनीं ध्यानांत आणावी. क्षितिजावर शीड दिसलें म्हणजे त्याचा पहिला प्रश्न 'शीड आहे काय' हा नसून 'शीड कोणाचें' हा असावयाचा. आणि आपल्या मागच्या चौकीस हें कळवावयाचें तर साधन काय? जाळ पेटविणें किंवा तोफेचा बार काढणें. जाळ दिसला कीं 'कोणी आलें' एवढें मागच्यास समजे. कोण आलें, किती आले, मित्र कीं वैरी, हें त्या जाळांत मावत नसे. आधीं ठरवून ठेवलेलें एकच वाक्य तो बोलूं शके. पेटलेला आणि न पेटलेला, एवढीच त्याची बाराखडी.

या मुक्या जाळास वाचा देण्याचे प्रयत्न पुढें अनेक झाले. फ्रान्समध्यें क्लोद शाप यानें १७९४ च्या सुमारास टेकड्यांवर लांकडी हातांचे मनोरे उभारून एका मनोऱ्यावरील खूण दुसऱ्यानें दुर्बिणींतून पाहून पुढें द्यावी अशी व्यवस्था केली. आपल्याशीं अधिक जवळचें उदाहरण हेन्री मॅन्स याचें. पर्शियन आखाताच्या तारखात्यांतील या इंग्रज गृहस्थानें १८६९ मध्यें कराची येथें, म्हणजे तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतच, हेलिओग्राफ नांवाचें यंत्र सिद्ध केलें. आरशानें सूर्याचा कवडसा दूरवर टाकावयाचा आणि आरसा किंचित् हलवून त्याचे ऱ्हस्व-दीर्घ तुकडे पाडावयाचे, कीं तारेच्या लिपींतील अक्षरें झालीं. युक्ति सोपी, खर्च थोडा. परंतु ऊन पाहिजे आणि आकाश निरभ्र पाहिजे. जेथें मृगापासून हस्तापर्यंत समोरचा डोंगर दिसण्याची मारामार, त्या कोंकणांत अशा यंत्राचा निर्वाह कसा व्हावा?

योगायोग असा कीं, त्याच सुमारास प्रकाशाच्या प्रतिस्पर्ध्यानें बाजी मारली. १८७० मध्यें 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड आगबोटीनें मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशीं तार टाकली, आणि मुंबईचा शब्द विजेच्या पाठीवर बसून विलायतेस जाऊं लागला. विजेस ना उन्हाची गरज, ना धुक्याचें भय. पुढें शंभर वर्षें तिचेंच राज्य चाललें. कोंकणांतल्या घरोघर त्या राज्याची आठवण एका भीतीच्या रूपानें राहिली होती: दारांत तारवाला उभा राहिला कीं कागद उघडण्यापूर्वींच बायका डोळ्यांस पदर लावीत. कारण शब्दास दाम मोजावे लागत, आणि एवढे दाम मोजून मुंबईचा चाकरमानी सुखाची बातमी क्वचितच कळवी. ही तारसेवा आपल्या देशांत जुलै २०१३ मध्यें कायमची बंद झाली. मधल्या काळांत, १८८० मध्यें, टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें सूर्यकिरणावर मनुष्याचा आवाज चढवून तो कांहींशें फुटांवर ऐकविला होता. हा शोध टेलिफोनाहूनहि थोर आहे असें तो म्हणे. पण जगानें त्याकडे पाठ फिरविली.

जगाची चूक होती असेंहि म्हणवत नाहीं. सूर्याचा काय किंवा दिव्याचा काय, साधा प्रकाश म्हणजे भरलेला बाजार. त्यांत नाना लांबीच्या लहरी एकाच वेळीं, वाटेल त्या ठेक्यावर, कल्ला करीत असतात. अशा कल्ल्यावर बारीक निरोप चढविणें म्हणजे आठवडी बाजारांत उभें राहून कोणाच्या कानांत मंत्र सांगण्यासारखें आहे. एकच लहर, एकाच ठेक्यांत, एकाच दिशेनें चालेल असा प्रकाश पाहिजे होता. तो १९६० च्या मे महिन्यांत अमेरिकेंत थिओडोर मेमन यानें माणकाच्या कांडींतून प्रथम काढला, आणि १९६२ मध्यें तोच गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहक पदार्थाच्या मोहरीएवढ्या तुकड्यांतून निघूं लागला. त्यास आपण लेसर म्हणतों.

येथें आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरील एक प्रकरण येतें, आणि तें फारसें कोणाच्या स्मरणांत नाहीं म्हणून आम्ही तें मुद्दाम सांगतों. लेसरचा शोध लागून चार-पांच वर्षें होतात न होतात तोंच मुंबईस ट्रॉम्बे येथील अणुशक्ति-केंद्रांत आपल्या लोकांनीं गॅलियम आर्सेनाइडचा लेसर स्वतः घडविला. आणि साठ ते सत्तरच्या दशकाच्या मध्यास त्याच्या किरणावर ट्रॉम्बे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यामध्यें, सुमारें २० किलोमीटरांच्या मोकळ्या हवेंतून, संभाषण करून दाखविलें. त्या वेळीं साध्या टेलिफोनच्या जोडणीसाठीं वर्षानुवर्षें अर्ज करून बसावें लागे. त्याच शहरावरून प्रकाशाच्या किरणानें शब्द वाहून नेला. जगाच्या पाठीवर जें काम नुकतें सुरू झालें होतें त्यांत आपण मागें नव्हतों. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम शेवटीं पडणार आहे.

मोकळ्या हवेची वाट मात्र मॅन्सच्या आरशास जशी नडली तशी लेसरासहि नडली. पाऊस, धुकें, धूर, यांपुढें त्याचा इलाज चालेना. प्रकाशासाठीं झांकलेली वाट हवी होती, आणि ती कांचेच्या बारीक तंतूंत सांपडली. वांकड्या कांचतंतूंतून प्रकाश न सांडतां नेतां येतो व त्यानें चित्रहि पाठवितां येतें, हें मोगा गांवीं जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं लंडनमध्यें हॉपकिन्स यांच्यासह १९५४ मध्यें दाखविलें होतें. पण तेव्हांच्या कांचेंत थोड्याच अंतरावर प्रकाश विझून जाई. हा दोष कांचेच्या जातीचा नसून तींतील मळाचा आहे, आणि मळ काढला तर एक किलोमीटर चालूनहि शेंकडा एक भाग प्रकाश उरेल व तेवढ्यावर काम भागेल, असें चार्ल्स काव यांनीं १९६६ मध्यें हॉकहॅम यांच्यासह प्रतिपादिलें. १९७० मध्यें अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीनें तशी कांच करून दाखविली. आजच्या तंतूंत तोच शेंकडा एक भाग शंभर किलोमीटर चालल्यावर उरतो. काव यांस या कार्याबद्दल २००९ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें.

हिंदुस्थानांत हा तंतु प्रथम आला तो पुण्यास. १९७९ मध्यें शिवाजीनगर आणि कँटोन्मेंट येथील टेलिफोन-केंद्रांमध्यें प्रकाशतंतूची जोडणी झाली. अंतर थोडें, परंतु पुण्याच्या रस्त्याखालून त्या दिवसापासून मनुष्याचा शब्द प्रकाश होऊन जाऊं लागला. पुढें १९९७ मध्यें 'फ्लॅग' नांवाची प्रकाशतंतूंची सागरी दोरी मुंबईस येऊन लागली. ज्या किनाऱ्यावर १८७० ची तांब्याची तार उतरली होती, त्याच शहरांत तिची कांचेची नात उतरली.

आतां या कथेचा गाभा. तंतु टाकणें हें महागाचें काम. समुद्रांतला तर फारच महाग. मागणी वाढली कीं नवा तंतु टाकीत बसावें काय? त्यापेक्षां एकाच तंतूंतून निरनिराळ्या रंगांचे अनेक किरण एकाच वेळीं सोडले, तर ते एकमेकांत न मिसळतां पलीकडे जातात, आणि तेथें लोलकासारख्या साधनानें ते वेगळे करतां येतात. हे रंग डोळ्यांस दिसणारे नव्हत; तांबड्याच्याहि पलीकडच्या, सुमारें १५५० नॅनोमीटर लांबीच्या त्या लहरी आहेत, पण सोयीसाठीं रंग म्हणण्यास हरकत नाहीं. १९८७ मध्यें सौदॅम्प्टन येथें व अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंत अर्बियम हें मूलद्रव्य मिसळलेल्या तंतूचा प्रकाशवर्धक निघाला. तो या पट्ट्यांतील सर्व रंगांस एकदम बळ देतो. तेव्हां ही युक्ति व्यवहारांत आली, आणि एका तंतूंत प्रथम आठ-सोळा, पुढें ऐंशींहून अधिक रंग नांदूं लागले. शेजारशेजारच्या दोन रंगांतील अंतर अवघें चार-दशांश नॅनोमीटर. मनुष्याच्या केंसाची जाडी त्याच्या लाखपटीहूनहि अधिक भरेल. दीपगृहाचा नाविक सेकंद मोजून दीप ओळखतो. येथें लहरीची लांबी मोजून दीप ओळखावयाचा. प्रश्न तोच, फक्त मोजणी सूक्ष्म झाली.

परंतु यांतून एक घरगुती स्वरूपाची अडचण उभी राहिली. नेहमींचा लेसर हा बाजाच्या पेटींतल्या स्वरपट्टीसारखा असतो. त्याच्या अंगावर कोरलेल्या सूक्ष्म रेघांनीं त्याचा एकच रंग जन्माचा ठरतो. ऐंशी रंग पाहिजेत तर ऐंशी जातींचे लेसर घडवावे लागणार. त्यांतला कोणता केव्हां बिघडेल याचा नेम नाहीं. म्हणून प्रत्येक जातीचा एकेक जादा लेसर ठिकठिकाणच्या केंद्रांत कपाटांत पडून राहणार. ज्याच्या घरीं ऐंशी कुलपें आणि प्रत्येकाची दुसरी किल्ली दर खोलींत, त्या गृहस्थाची जी दशा ती या कंपन्यांची झाली. शिवाय एखाद्या वाटेनें जाणारा रंग दुसऱ्या वाटेस वळवावयाचा असेल आणि त्या वाटेवर तोच रंग आधीं दुसऱ्यानें घेतला असेल, तर यंत्र उघडून लेसर बदलल्यावांचून गति नाहीं. सारांश, पेटी पुरेनाशी झाली. तंबोऱ्याची गरज पडली.

रंग बदलणारा लेसर ही कल्पना नवी नव्हती. १९६६ मध्यें रंगद्रव्याच्या द्रावणांतून लेसर काढतां येतो असें दिसून आलें, आणि पुढच्याच वर्षीं त्याचा रंग हवा तसा सरकवितां येऊं लागला. आपल्याकडेहि मुंबईस, आणि पुढें डॉ. दिलीप भवाळकर हे ज्याचे पहिले संचालक झाले त्या इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रांत, तांब्याच्या वाफेच्या लेसरानें चालणारे असे द्रावण-लेसर तयार झाले. पण ते टेबल व्यापणारे, नळ्या-पंपांचे संसार. टेलिफोनच्या केंद्रांत वर्षानुवर्षें बिनतक्रार चालावयास पाहिजे होता अर्धवाहकाचा नखाएवढा तुकडा.

तो सुरांत कसा लावावा? साधा उपाय म्हणजे ऊब देणें. लेसर एक अंश तापविला कीं त्याची लहर सुमारें एक-दशांश नॅनोमीटरनें लांबते. पण वाचकांनींच हिशेब करून पाहावा: सबंध पट्टा सुमारें ३५ नॅनोमीटरांचा, तो उबेनेंच आक्रमावयाचा तर तुकडा साडेतीनशें अंश तापवावा लागेल, आणि त्याच्या कितीतरी आधींच त्याची राख होईल. म्हणून कोणी एकाच तुकड्यावर निरनिराळ्या रंगांचे डझनभर लेसर ओळीनें बसवून प्रत्येकास थोडथोडी ऊब देण्याची तोड काढली. कोणी लेसराबाहेर हलता आरसा ठेवला. सर्वांत मनोहर युक्ति मात्र शाळेंतल्या प्रयोगशाळेंत प्रत्येकानें हाताळलेल्या व्हर्नियर पट्टीची आहे, आणि ती कॅलिफोर्नियांतील सांता बार्बारा येथें लॅरी कोल्ड्रन व त्यांचे सहकारी यांनीं सिद्धीस नेली. लेसराच्या दोन टोकांस दोन आरसे. प्रत्येक आरसा कंगव्यासारखा, ठराविक अंतरावरच्या रंगांनाच परत पाठविणारा. पण दोन कंगव्यांच्या दांत्यांमधील अंतरें किंचित् भिन्न. ज्या ठिकाणीं दोहोंचे दांते समोरासमोर येतील तोच एक रंग टिकतो. आतां बारीकशा विद्युत्प्रवाहानें एक कंगवा केंसभर सरकविला, कीं जुळणीची जागा एकदम लांब उडी घेते. पट्टीवर शून्याची रेघ जराशी हलतांच जुळणारी रेघ कोठच्या कोठें जाते, तोच हा प्रकार. थोड्या हालचालींत साऱ्या पट्ट्यावर संचार होतो.

यावरून कोणी असें समजेल कीं, हा लेसर म्हणजे घटकेंत तोळा घटकेंत मासा. वस्तुस्थिति उलट आहे. एकदां रंग नेमून दिला कीं, नेमल्या जागेपासून तो रेसभरहि ढळतां कामा नये. ढळला तर शेजारच्या निरोपांत मिसळून दोघांचाहि घात करील. म्हणून त्याच्या शेजारीं कांचेचा एक बारीक तुकडा पहाऱ्यास बसविलेला असतो. रंग किंचित् सरकला तर त्यांतून जाणारें तेज कमीजास्त होतें, आणि तें पाहून यंत्र त्यास परत जागेवर आणतें. जगभर या रंगांच्या जागा एका नेमलेल्या स्वरापासून, सेकंदास सुमारें १९३ लाख कोटि कंपनांच्या स्वरापासून, मोजतात. आधारषड्ज एकच, मग गवई कोणत्याहि देशाचा असो. अलीकडे तर निरोप घेणाऱ्या टोंकासहि असाच एक लेसर ठेवून, येणाऱ्या प्रकाशाच्या सुरांत तो लावून, मगच निरोप वाचण्याची पद्धत रूढ झाली आहे. गाणाराहि तंबोरा लावतो आणि ऐकणाराहि लावतो.

हें सर्व अंजनवेलच्या माणसाच्या कितपत उपयोगाचें, असा प्रश्न येईल. या खाडीच्या दोन्ही तीरांवरील कित्येक घरांतले कर्ते पुरुष मुंबईस आहेत, कित्येक आखातांतल्या देशांत आहेत. मुलाचा आवाज आणि मुद्रा आता आईला घरबसल्या हातांतल्या यंत्रावर दिसते. जवळच्या मनोऱ्यानें उचललेला तो आवाज पुढें कोठेंतरी कांचतंतूंत शिरतो आणि समुद्राच्या तळाशीं कोण्या एका रंगाचा होऊन जातो. ३० जानेवारी २००८ रोजीं मिसर देशांत अलेक्झांड्रियाजवळ समुद्रांतल्या दोन दोऱ्या तुटल्या आणि मिसरापासून आखातापर्यंत व आपल्या देशापर्यंत दळणवळण खुरडत चालूं लागलें. तेव्हां सामान्य माणसास प्रथम उमगलें कीं, आकाशांतून येतोसा वाटणारा आपल्या माणसाचा शब्द वास्तविक एका बोटभर जाडीच्या दोरीनें येत असतो. तुटलेली दोरी जुळता लेसर सांधीत नाहीं. त्यासाठीं जहाज आणि माणसेंच जावीं लागतात. परंतु दोरी शाबूत असलेल्या दुसऱ्या वाटेवर कोणता रंग रिकामा आहे हें पाहून दुरूनच त्या रंगांत शिरतां येणें, हें त्याच्यामुळें साधतें. कपाटांतला जादा लेसर शोधीत माणूस धाडण्याची गरज उरत नाहीं. ज्या आईस मुलाच्या शब्दाची वाट पाहत बसणें ठाऊक आहे तिला या सोयीची किंमत समजावून सांगावी लागत नाहीं.

आतां मघांची गोष्ट. साठ ते सत्तरच्या दशकांत ज्यांनीं स्वतःच्या हातानें लेसर घडवून ट्रॉम्बेचा शब्द कुलाब्यास नेला, त्यांच्या देशांत आज प्रकाशतंतु तयार होतात. मराठवाड्यांत औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतच त्याचा कारखाना निघाला. प्रकाशजाळ्याचीं यंत्रें जुळविणाऱ्या कंपन्याहि आपल्याकडे निघाल्या. पण त्या यंत्रांचा जीव जो नखाएवढा तुकडा, तो आपण अद्यापि बव्हंशीं परदेशांतूनच आणतों. वात आपली, समई आपली, तेल मात्र उसनें, असा हा संसार आहे. याचें कारण बुद्धीची वाण, असें ट्रॉम्बेचा प्रयोग आठवणारा मनुष्य म्हणणार नाहीं. आमच्या मतें कारण हें कीं, प्रयोग सिद्ध झाला म्हणजे आपण सत्कार करून मोकळे होतों. एक तुकडा घडला तसाच दहा हजारावा घडावा, आणि तो वीस वर्षें चालावा, यासाठीं लागणारी कारखान्यांतली रुक्ष तपश्चर्या आपणांस विद्येच्या पंगतींत बसविण्यासारखी वाटत नाहीं. वरील व्हर्नियरच्या युक्तीस प्रतिभा लागली हें खरें, पण ती युक्ति बाजारांत येईपर्यंत लोटलेलीं दहा-पंधरा वर्षें प्रतिभेपेक्षां चिकाटीचीं होतीं.

उसन्या तेलाचा अर्थ अंजनवेलास दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. याच गांवच्या आणि शेजारच्या वेलदूरच्या भूमीवर एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकारानें मोठें वीजघर उभें राहिलें. १९९९ मध्यें त्याचा ७४० मेगावॉटांचा पहिला भाग सुरू झाला. विजेच्या दरावरून व देण्याघेण्यावरून तंटा होऊन २००१ मध्यें तो बंद पडला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मूळ कंपनीचें दिवाळें वाजलें. पुढें २००५ मध्यें नव्या देशी कंपनीकडे तें वीजघर सोंपवावें लागलें. मधलीं वर्षें ती एवढी थोरली यंत्रसामग्री खाडीच्या तोंडावर निमूट उभी होती. यंत्र आपल्या अंगणांत असणें आणि यंत्र आपलें असणें, यांतील अंतर त्या काळांत या गांवानें रोज उठून पाहिलें आहे.

टाळकेश्वराचा दीप आपली चाल बदलीत नाहीं. बदलली तर नाविकाचा घात होईल. तंतूंतला दीप वाटेप्रमाणें रंग बदलतो. न बदलला तर निरोप अडून बसेल. पण दोघांनाहि एक नियम सारखाच लागू आहे: नेमून दिलेल्या जागीं रेसभर न ढळतां उभें राहावयाचें. पहिल्या दीपाची राखण आपल्या लोकांकडे आहे, त्याची वात कशी सारावी हें येथील माणसांस ठाऊक आहे. दुसऱ्याचीहि तशी राखण करावयाची असेल, तर तो कसा लावावा एवढें शिकून भागणार नाहीं. तो कसा घडवावा हें आपल्या कारखान्यांत, आपल्या हातांनीं, पुनः एकदां शिकावें लागेल. एकदां तें आपणांस येत होतें.